एक हजार सत्तर भागाकार

रत्नागिरी,
१६ जानेवारी

प्रिय झारा,

तुझा मेसेज येऊन आज अकरा दिवस झाले आणि मी त्यावर नुसते जोडलेले हात पाठवून गप्प बसले. तुला राग आला असणार. नाकाच्या शेंड्यावर राग ठेवून फिरणारी तू, अकरा दिवस कशी गप्प राहिलीस हेच नवल. हे पत्र मी हातानं लिहितेय, कारण फोनवर तू मला मधेच तोडशील, आणि तू तोडलंस की मला तेवढंच निमित्त पुरेल. आमच्या शेजारचा दर्शन शुक्रवारी मस्कतला कामावर परत निघालाय. पाकीट त्याच्याकडे देतेय. त्याला बजावलंय की आत पापड नाहीत, पण वाकवू नको. तू शेवटपर्यंत वाच. हे तुझ्या भावाबद्दल, मुसाभाईबद्दल आहे आणि माझ्याबद्दल आहे, आणि वाचून झाल्यावर तू मला मैत्रीण म्हणशील की नाही, मला ठाऊक नाही.

तू लिहिलं होतंस की तुझ्या नववीच्या वर्गात तू फळ्यावर ७३९३९१३३ हा आकडा लिहिलास. एका मुलीनं टॅबवर बघून डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं, मिस, ही मूळ संख्या आहे. मग तू त्यांना आपली गोष्ट सांगितलीस. रत्नागिरीच्या दोन मुली, ना टॅब ना कॅल्क्युलेटर, हातानं एक हजार सत्तर भागाकार. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आणि खाली तू लिहिलंस, 'मी त्यांना म्हटलं, माझी ती मैत्रीण अजून रत्नागिरीत आहे, आणि न तपासता तिनं आयुष्यात कधी काही लिहिलेलं नाही.' ही ओळ मी संस्थेच्या ऑफिसात खिडकीपाशी वाचली. खाली मिरकरवाड्याच्या जेटीवर बर्फ फोडायचं मशीन चालू होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं.

विमलाबाई आठवतात? आठवतातच म्हणा, तू त्यांच्यासारखाच खडू धरतेस असं तूच म्हणतेस. त्यांनी त्या दिवशी फळ्यावर आधी नुसता ७ लिहिला. मग ७३. मग ७३९. उजवीकडे एकेक आकडा चिकटवत गेल्या आणि प्रत्येक वेळी विचारायच्या, भाग जातो का कशानं? सात हजार तीनशे त्र्याण्णवपर्यंत आपण वर्गात करून पाहिलं, कशानंच जाईना. शेवटी त्यांनी सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस असा मोठ्यानं आकडा वाचला आणि खडू खाली ठेवला. म्हणाल्या, ह्याचं मी सांगणार नाही, ज्यांना चैन पडणार नाही त्यांनी शोधा. चैन तुला पडली नाही. मला तुझ्यामुळे पडली नाही. तुला त्या आकड्याचं एकच वेड होतं, की उजवीकडून एकेक आकडा पुसत जावं आणि उरेल तोसुद्धा न फुटणारा निघावा, पार शेवटच्या सातापर्यंत. तू बाकावर पट्टी धरून ते पुसून दाखवायचीस. मला तेव्हाही ते बघून कसंसंच व्हायचं. कुणीतरी एकेक करून उठून जातंय आणि उरलेले काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बसलेत, असं वाटायचं. मी तुला कधी बोलले नाही, तू हसली असतीस.

आकडा दोन तुकड्यांत फुटत असेल तर त्यातला एक तुकडा त्याच्या वर्गमुळापेक्षा लहान असलाच पाहिजे, म्हणजे ८५९८ च्या पुढे जायची गरज नाही, हे तू मला माझ्या घरच्या पायरीवर बसून समजावलंस. मग आपण तिथपर्यंतच्या मूळ संख्या चाळून काढल्या. मुसाभाईनं जाळीवाल्या कंपनीची जुनी कॅलेंडरं आणून दिली होती, त्यांच्या पाठीवर. एक हजार सत्तर निघाल्या, शेवटची ८५९७. पाचशे पस्तीस तुझ्या, पाचशे पस्तीस माझ्या. लहान तू घेतल्यास, मोठ्या मी, कारण मोठ्या आकड्याला भागाकार आखूड होतो आणि मला आखूड आवडायचं. वहीत तीन रकाने: भाजक, भागाकार, बाकी. आणि तुझा तो नियम, की एकमेकींची वही तपासायची नाही, तपासली तर विश्वास कसला. मुसाभाई तेव्हा एकोणीस-वीसचा असेल, नुकता बोटीवर जायला लागला होता. जाळं शिवता शिवता म्हणायचा, "काय गो पोरींनो, एवढं भागून भागून मासा तरी गावंल काय त्यात?" आणि एकदा त्यानं विचारलं होतं, की तुमच्यातल्या एकीनं न करताच 'जात नाय' लिवलान तर? तू त्याच्या अंगावर धावून गेली होतीस. म्हणालीस, दीपाली असं करणार नाही.

झारा, तोवर मी ते करून बसले होते.

डिसेंबरात तू पुढे गेलीस. रोज शाळेत आल्यावर तू आकडा सांगायचीस, तीनशे बारा झाले, तीनशे तीस झाले, आणि मी अडीचशेच्या आसपास घुटमळत होते. त्यात आमच्याकडे आई आजारी, भात मला लावावा लागे, ही सबब आज मी देणार नाही, कारण भात शिजेपर्यंत तीन भागाकार आरामात होत असत. खरं कारण एवढंच, की तू माझ्या पुढे होतीस. एका दुपारी ६००७ आला आणि मी भागलंच नाही. शेजारच्या ओळींवरून अदमासे भागाकार लिहिला आणि बाकीच्या रकान्यात २११४ ठोकून दिले. कुठून आला २११४? कुठूनही नाही. नंतर करू म्हणून त्या ओळीशी पेन्सिलीनं एक बारीक ठिपका दिला. मग दुसरा ठिपका, मग तिसरा. मधूनमधून एखादा भागाकार खरा करायची, म्हणजे मन खात नसे. शिमग्याच्या आधी आपण दोघी एकाच दिवशी संपवलं. माझ्या वहीत दोनशे बारा ठिपके होते.

प्रदर्शनाच्या दिवशी शेवटचा भागाकार मला फळ्यावर करायला लावला. तो मी खरा केला, सगळ्या शाळेसमोर, ८५९७ नं. भागाकार ८६००, बाकी ४९३३. विमलाबाईंनी मग सांगितलं की आकडा मूळच आहे, त्यांना पुस्तकातून आधीच ठाऊक होतं. की उजवीकडून पुसत गेलं तरी मूळच राहणाऱ्या अशा संख्या जगात सगळ्या मिळून त्र्याऐंशीच आहेत आणि ही त्यातली सगळ्यात मोठी. हिच्यापुढे कुठलाही आकडा चिकटवा, ती फुटतेच. तू रडलीस. मीही रडले, पण माझं रडणं सुटकेचं होतं. माझ्या दोनशे बारा खोट्या ओळींपैकी एकसुद्धा खोटी ठरली नव्हती. मी न बघता 'जात नाही' म्हटलं होतं आणि खरंच जात नव्हता. त्या आकड्यानं मला पाठीशी घातलं. घरी जाताना मला वाटलं की मी हुशार आहे. चौदाव्या वर्षी एखाद्या मुलीला सगळ्यात वाईट गोष्ट कुठली शिकवता येईल, तर ती मला त्या दिवशी शिकायला मिळाली आणि वर बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली.

आता इथून पुढचं. आमच्या मच्छीमार संस्थेत मी तपासणीचं काम बघते हे तुला माहीत आहे, पण ते नेमकं काय असतं हे मी कधी सांगितलं नाही. पावसाळ्याची बंदी उठायच्या आदल्या दिवशी प्रत्येक बोटीवर काय काय आहे ते बघून वहीत लिहायचं. पोहायची जाकिटं, पाणी उपसायचा पंप, आणि संकटात दाबायचं ते नारिंगी यंत्र, ज्याला जेटीवर सगळे नुसती 'डबी' म्हणतात. डबीवर तपासायचं एक बटण असतं. ते मी स्वतःच्या बोटानं दाबायचं, हिरवा दिवा लागला तर वहीत 'हिरवा' लिहायचं, लाल लागला तर ऑफिसच्या कपाटातली नवी द्यायची. पहिल्या वर्षी बोट चालवणारा एकही तांडेल मला वर घेईना. बाईमाणसानं बोटीवर पाय ठेवला तर मासा रुसतो म्हणे. कुणी तोंडावर बोलत नसे, पण बोटीवर चढायची फळी काही पडत नसे. मी जेटीवर छत्री घेऊन उभी आणि ते वरून ओरडणार, आहे, आहे, सगळं आहे. उंटावरून शेळ्या हाकायचा तो प्रकार. फळी पहिल्यांदा टाकली मुसाभाईनं. सगळ्यांच्या देखत हात पुढे करून म्हणाला, "ये गो दिपाली, माझी होडी काय बाटत नाय." त्याच्यानंतर हळूहळू सगळ्यांनी टाकली. मी आज जे काही आहे, ते त्या फळीमुळे आहे.

यंदा ३१ जुलैला बावीस बोटी होत्या. पाऊस थांबलेला नव्हता, बंदरातही पाणी उसळत होतं, आणि सगळ्यांना उजाडताच बाहेर पडायचं होतं. चौदा बोटी मी नीट केल्या. माझी चप्पल तुटली होती, पाय सोलवटला होता, चारदा घसरले होते. मुसाभाईची बोट तिसऱ्या रांगेत लागली होती, म्हणजे दुसऱ्या दोन बोटी ओलांडून जायचं. त्यानं मला लांबून बघितलं आणि हाक मारली, ये, बघून जा. आणि मी हसून ओरडले, तुमचं काय बघायचंय भाई, तुमचं बरोबरच असणार. तोही हसला. मी वहीत 'हिरवा' लिहिलं. एकदा लिहिल्यावर पुढच्या सात बोटी सोप्या गेल्या. हात सरावलेला होता.

सप्टेंबरात काय झालं ते तुला माहीत आहे, पण तुला कळलं तेवढंच सगळं नाही. अकरा तारखेच्या संध्याकाळी बोटीत पाणी शिरलं. चौघं होते. बोट पुरती बुडाली नाही, आडवी होऊन अर्धी वर राहिली, तिला धरून ते राहिले. डबीचा इशारा कुठेच पोचला नाही. बोट परतली नाही म्हणून आम्ही शोध सुरू करेपर्यंत दोन दिवस गेले होते. रावजी आणि दुसरा एक खलाशी प्लास्टिकच्या पिंपाला धरून वाहत होते, ते दुसऱ्या ट्रॉलरला सापडले. मुसाभाई आणि चौथा खलाशी नितेश सापडले नाहीत. चौकशी झाली. मला बोलावलं तेव्हा मी नुसती वही पुढे केली. त्यांनी ती ओळ वाचली, माझी सही बघितली आणि मला चहा दिला. दिवाळीत अहवाल आला. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: यंत्र प्रस्थानापूर्वी सुस्थितीत होते, ते निकामी होणे हे तांडेलाच्या हयगयीमुळे झाले असावे. अख्खं वाक्य माझ्या एका शब्दावर उभं आहे.

त्यानंतर नितेशची आई भर मच्छीबाजारात मुसाभाईमागे एकट्या राहिलेल्या हमिदाभाभीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुज्या घोवानं माझा पोर बुडवलान." भाभी टोपली तिथेच टाकून घरी आल्या. तेव्हापासून बाजारात गेलेल्या नाहीत. आणि तू मला फोनवर म्हणालीस की भाई लहानपणापासूनच वस्तू नीट ठेवत नसे, डबी उन्हापावसात कुठेतरी टाकून दिली असणार, स्वतःबरोबर दुसऱ्याचा मुलगाही घेऊन गेला. तू रडत होतीस आणि चिडलेलीही होतीस. मेलेल्या भावावर चिडताना मी तुला ऐकलं आणि 'हं' म्हटलं. झारा, ते 'हं' मला सोडत नाही. ऑफिसातल्या इन्व्हर्टरवर एक हिरवा दिवा आहे, मी त्यावर कागद चिकटवलाय. फोन चार्जिंगला लावला की पालथा ठेवते. रिक्षात बसले तर रिक्षावाल्याच्या समोर गणपतीभोवती हिरवे दिवे. कुठेतरी एक हिरवा लागलेला असतोच आणि कुणीतरी लांबून हाक मारत असतं, ये, बघून जा.

तरी मी स्वतःला एक फट ठेवली होती. जुलैत डबी खरंच चांगली असेल, नंतर बिघडली असेल, कोणी सांगावं? अपघातानंतर पंधरा दिवसांनी, काहीतरी निमित्त काढून, न बघितलेल्या बाकी सात बोटींवर मी गेले आणि सातही डब्या दाबून पाहिल्या. सातही हिरव्या. पुन्हा तेच, न बघता लिहिलेलं खरं निघालं. एक सोडून. आणि त्या एकीबद्दल मला काहीही माहीत नाही, एवढंच खरं आहे. ती त्या दिवशी लाल असती तर नवी डबी कपाटात होती. अजून आहे, खोक्यासकट.

मग रावजी भेटला. बरा होऊन घरी आल्यावर मी त्याला बघायला गेले होते. त्यानं मला जे सांगितलं ते, मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मुसाभाईनं बटण दाबलं, दिवा लागला नाही. पुन्हा पुन्हा दाबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लांब एक ट्रॉलर दिसला. रावजी म्हणाला, पिंपं धरून तिकडे सरकू या. नितेशला पोहता धड येत नव्हतं, तो घाबरला. मुसाभाई म्हणाला, बोट सोडू नका, दिवा लागत नसला तरी इशारा गेला असंल, माणसं येतायत. "दिपालीच्या वहीत हिरवा हाय, म्हंजे हिरवाच." रावजीनं ऐकलं नाही, दुसऱ्याला घेऊन तो निघाला. ते दोघे वाचले. माझ्या वहीवर विश्वास ठेवला ते दोघे बोटीपाशीच राहिले. मी वर चढून बघितलं नव्हतं हे मुसाभाईला ठाऊक होतं, गं. त्याला वाटलं असेल हिला काहीतरी माहीत असणार, म्हणूनच एवढ्या खात्रीनं लिहिलंय. रावजीच्या बायकोनं मला सरबत दिलं आणि मी ते प्यायले.

दिवाळीनंतर मी माळ्यावरून ती जुनी वही काढली. तुझी तुझ्याकडे आहे की नाही माहीत नाही, माझी होती. ठिपके अजून दिसतात. रोज डबा खाऊन झाला की मी ऑफिसच्या खिडकीशी बसते आणि ठिपक्याच्या ओळी भागते, हातानं, तेव्हा करायच्या होत्या तशा. ६००७ ची खरी बाकी ४९७७ आहे. मला एकच आशा होती, झारा, आणि ती किती वेडगळ आहे ते मला कळतं: की एखाद्या ओळीत शून्य यावं. एक तरी भाजक निघावा ज्यानं पूर्ण भाग जातो, म्हणजे विमलाबाईंचं पुस्तक चूक, तुझा टॅब चूक, आणि मी चौदाव्या वर्षीच पकडली जाण्यासारखी होते. पण तो आकडा कुणाला सापडत नाही. ८५३७ नं भागलं तर बाकी अवघी १७६ उरते. मला वाटलं, जवळ आले. लगेच पुढचा भाजक ८५३९, तिथे पूर्ण भाग जायला फक्त अडुसष्ट कमी पडतात. त्या दोघांच्या मधून तो निसटून गेला. मी पेन्सिल टाकून टेबलावर डोकं टेकलं. शिपाई म्हणाला, ताई, जेवण अंगावर आलं काय? परवा दोनशे बारावी ओळ झाली. एकही शून्य नाही.

त्याच दुपारी मी सेक्रेटरींकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, दीपालीताई, तुमच्या एका ओळीनं सगळी वही खोटी पडेल, संस्थेचं काय होईल? झालं ते झालं, झाकली मूठ राहू दे. मी लेखी दिलं, ते त्यांनी खणात टाकलं. मग मी चौकशीच्या कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, तुमचा जबाब झालाय, तो बंद. आता फक्त तांडेलाच्या घरचं कुणी हरकत घेऊ शकतं, एकतीस जानेवारीपर्यंत, मूळ सहीनं. म्हणून काल हमिदाभाभींकडे गेले. त्यांच्यासमोर जमिनीवर बसून मी शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू असं करायची नाहीस. त्यांचा दोष तू आपल्या अंगावर घेतेस, आम्हाला बरं वाटावं म्हणून. ते तुला बहीण मानीत." मी शपथ घेतली, तरी त्या मान हलवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, आमच्यात लिहिण्यावाचण्याचं झारा बघते, ती म्हणाली तर बघू. मी घरी आले आणि खूप रडले. इतकी वर्षं खोटं लगेच खपलं आणि एकदा खरं बोलले तर कुणी घेईना.

म्हणून हे पाकीट जाड आहे. आत माझी वही आहे. तूही म्हणशील की दीपाली असं करणार नाही, तेव्हा आधी ती उघड, ठिपक्याची कुठलीही ओळ घे आणि स्वतः भागून बघ. मी कशी आहे ते तुला कळेल. तिच्याखाली एक अर्ज आहे. मुसा तांडेल यांची सख्खी बहीण या नात्यानं तू हरकत घेत आहेस, असा. तपासणी करणाऱ्या बाईनं यंत्र न बघता नोंद केली, तिच्यावर कारवाई व्हावी आणि अहवालातून माझ्या भावाच्या हयगयीचं वाक्य काढून टाकावं, असं त्यात लिहिलंय. मजकूर मीच केलाय, अक्षर माझं आहे, नाव माझं पूर्ण घातलंय, कुठे मऊ शब्द वापरलेला नाही. दर्शनचा एक मित्र पंचवीस तारखेला तिकडून सुट्टीवर येतोय, त्याच्या हाती सही करून दे, सरळ कचेरीत द्यायला सांग, माझ्याकडे नको. मला माफ कर असं मी यात कुठे लिहिलेलं नाही, आणि ते विसरून राहिलेलं नाही. तुझा भाऊ वस्तू नीट ठेवत होता, झारा. त्यानं मला बोलावलं होतं. सही कर.

आज तरी तुझीच,
दीपाली